अठरा वर्षे चालते, मग पुढे का नाही?

शिरड शहापूरच्या शेतकरी कुटुंबातले जोडपे अमेरिकेत नोकरीला असताना त्यांना मुलगी झाली, असे समजू. आई-वडील भारतीय नागरिक, म्हणून १९५५च्या नागरिकत्व कायद्यातील कलम ४ तिला वंशाने भारतीय होण्याची वाट देते. जन्म तिथला, म्हणून १८६८च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने ती अमेरिकन. मात्र वर्षाच्या आत वकिलातीत नोंद करताना तिच्याकडे परका पासपोर्ट नाही असे लिहून द्यावे लागते. नोंद झालीच, तर सज्ञान झाल्यावर सहा महिन्यांत तिने दुसरे नागरिकत्व सोडायचे, नाहीतर भारताचे जाते. म्हणजे भारताला दुहेरी नागरिकत्व अजिबात चालत नाही, हे अर्धसत्य झाले. अठरा वर्षे कायदाच ते चालवून घेतो.

राज्यघटना आड येते, असे लगेच सांगितले जाते. पण नवव्या अनुच्छेदाचा रोख स्वेच्छेने परके नागरिकत्व घेणाऱ्यांवर आहे. तान्ह्या मुलाने कसली स्वेच्छा दाखवली? शिवाय अकराव्या अनुच्छेदाने हा विषय संसदेच्या हाती दिला आहे. कायद्यात दुरुस्ती पुरेल. ‘ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड आहे की,’ हा दुसरा आक्षेप. त्या कार्डाने व्हिसाची कटकट मिटते आणि वारसाने आलेल्या शेतीवर नावही लागते, पण बांधाला लागून असलेला तुकडा विकायला निघाला तर विकत घेता येत नाही, ग्रामपंचायतीला मत देता येत नाही, आणि २०२१पासून पत्रकारिता किंवा संशोधनासाठी खास परवानगी लागते. ते कार्ड सरकार रद्दही करू शकते. ज्याला अधिकार म्हणावे असे त्यात फार थोडे आहे.

निष्ठेचा आक्षेप मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. दोन देशांचे हितसंबंध एकमेकांवर आदळले तर काय? ऑस्ट्रेलियाने यावर मार्ग काढला आहे: दुहेरी नागरिकत्व चालते, पण असा माणूस संसदेत बसू शकत नाही, २०१७मध्ये तिथल्या अनेक खासदारांची पदे त्यावरून गेली. जर्मनीने तर २०२४मध्ये जुनी बंदीच उठवली. आपणही संसद, सैन्य, संवेदनशील पदे वगळून बाकीचे देऊ शकतो.

ही सवलत फक्त जन्मतः दोन्ही हक्क लाभलेल्यांसाठी मागावी. शपथ घेऊन परदेशी नागरिक झालेले आपल्यासारखे लोक त्यात बसत नाहीत, आणि मुलाच्या जन्माआधीच दोघांनी शपथ घेतली असेल तर मुलेही नाहीत. परदेशातल्या मराठी मंडळांनी सरकारला द्यायच्या निवेदनात हे स्पष्ट लिहावे. सरसकट मागणी दिल्लीत पहिल्याच टेबलावर अडकेल. तोवर वर्षाची मुदत चुकवू नये, कारण नंतरच्या नोंदणीला केंद्र सरकारची परवानगी लागते.