खिरापत खाल्ली तर पाप लागतं का?

आमच्या सावलीत डिसेंबरच्या रात्री दोन आवाज हमखास ऐकू येतात. एक धानाच्या थ्रेशरचा आणि दुसरा शेजारच्या कुठल्या तरी गावात रंगलेल्या झाडीपट्टीच्या नाटकाचा. चोवीस तारखेला त्यात तिसरा मिसळतो, आमच्या घरातल्या नाताळच्या गाण्यांचा. बाबांची ढोलकी, आजीच्या टाळ्या आणि बाकी सगळ्यांचे बेसूर गळे. झाडीपट्टीच्या नाटकात अजूनही ऑर्गन वाजतो. लहानपणी मला पक्कं वाटायचं, की हा ऑर्गन त्यांनी आमच्या चर्चमधूनच उसना नेलाय.

आम्ही ख्रिस्ती. गावात आमची घरं बोटांवर मोजण्याइतकी. चंद्रपूर साठेक किलोमीटरवर, त्यामुळे बहुतेक रविवारी उपासना घरातच होते. मी रोज एसटीने वैनगंगेचा पूल ओलांडून गडचिरोलीला कॉलेजला जाते. तिथे कुणाला कळलं की पहिला प्रश्न ठरलेला, "म्हणजे तुम्ही केरळचे का?" प्रश्नाला थोडं कारणही आहे. बल्लारपूरला सीरो-मलबार चर्चचा चांदा धर्मप्रांत आहे आणि आपल्याकडचे बरेच फादर आणि सिस्टर केरळातून आलेले. पण आम्ही इथलेच हो. 'ज्ञानोदय' हे मराठी ख्रिस्ती नियतकालिक १८४२ मध्ये सुरू झालं. फुलामुलांचे कवी म्हणून शाळेत शिकलो ते रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि त्यांनी आम्हाला अभंगांतून गायला लावलं. माझी आजी तर झाडीबोलीशिवाय दुसऱ्या भाषेत प्रार्थनाच करू शकत नाही.

हे सगळं सांगायचं कारण माझी सात वर्षांची पुतणी.

शेजारच्या काकू मूळच्या वर्ध्याकडच्या. त्यांच्या घरी दरवर्षी भुलाबाई बसते. कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी गल्लीतल्या पोरी जमतात, गाणी म्हणतात आणि शेवटी झाकलेला डबा वाजवून आतली खिरापत ओळखायची. आमची पुतणी या खेळात एकदम तरबेज. डबा नुसता हलवला तरी सांगते, चिवडा की लाडू. एकदा तिने ओळखलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, काकूंनी सगळ्यात आधी तिच्याच हातावर लाडू ठेवला. आणि ही तो फ्रॉकच्या खिशात घालून पळत घरी आली.

रात्री खिशाला मुंग्या लागल्या तेव्हा आम्हाला कळलं. वहिनीने विचारलं तर पोरगी रडायलाच लागली. लाडू खाल्ला नव्हता, पण बोटं चाटली होती. "आता येशू माझ्यावर रागावला का?" हा तिचा प्रश्न. उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या एका बायबल शाळेत कुणीतरी सांगितलं होतं, की मूर्तीपुढचं काहीही तोंडात घातलं तर पाप लागतं. सहा महिने ते तिच्या डोक्यात बसून होतं. आम्हाला पत्ता नाही.

मग घरात जे व्हायचं ते झालं. आजी म्हणाली, "लेकराले भेव कायले घालता? लाडूच होता ना!" वहिनी म्हणाली, शिकवलं ते बरोबरच आहे, फक्त नीट समजावलं पाहिजे होतं. दादा नेहमीप्रमाणे मोबाईलमध्ये. मी आजीच्या बाजूने तावातावाने बोलले आणि वहिनीने मला शांतपणे सांगितलं, "तुला लेकरू झालं की बघू." राग आला. पण नंतर वाटलं, तिचा मुद्दा अगदीच उडवून लावण्यासारखा नाही. पन्नास घरांत आपलं एकच घर वेगळं असलं, की मुलाला 'आपण कोण' हे सांगणारं दुसरं कुणी नसतं. शाळा सांगत नाही, टीव्ही सांगत नाही. आईलाच सांगावं लागतं. ती कुठेतरी रेघ ओढणारच.

प्रश्न रेघ कुठे ओढायची याचा आहे. तर त्या रात्री मी बायबल काढलं. (हो, परीक्षेच्या आधी पुस्तक काढावं तसंच.) हा वाद सावलीत सुरू झालेला नाही. जवळपास दोन हजार वर्षांपूर्वी करिंथ नावाच्या शहरात हेच भांडण होतं आणि पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात त्यावर आठवा आणि दहावा असे दोन अध्याय खर्च केलेत. तो म्हणतो, मूर्ती ही मुळात काहीच नाही, त्यामुळे अन्न म्हणजे अन्नच. कुणी जेवायला बोलावलं आणि जावंसं वाटलं, तर पुढे येईल ते चौकशा न करता खा. इथपर्यंत वाचून मी वहिनीकडे विजयी मुद्रेने जाणार होते. पण पुढेच तो म्हणतो, की हे नैवेद्याचं आहे असं कुणी सांगितलंच, तर खाऊ नका. आणि कारण देतो, तुमच्या मनासाठी नव्हे, त्या समोरच्याच्या मनासाठी. म्हणजे माझी अर्धी केस जिंकली, अर्धी हरली. पण मला त्यातलं ते कारण महत्त्वाचं वाटतं. सगळा विचार समोरच्या माणसाचा आहे. घाबरलेल्या मुलीच्या बोटांचा हिशेब त्यात कुठेच नाही.

माझं मत विचाराल तर मी सरळ सांगते: लाडू खाऊ द्यावा. काकूंनी तो देवाला बाटवायला दिलेला नव्हता, हुशार पोरीला शाबासकी म्हणून दिला होता. पण एखाद्या घराने ठरवलं की आपण प्रसाद घेत नाही, तर तोही त्या घराचा हक्क आहे. फक्त मग ते सांगायचं काम मोठ्यांनी करावं. आईने स्वतः काकूंकडे जावं आणि म्हणावं, "ताई, आमच्याकडे असं असं आहे, वाईट वाटून घेऊ नका." सात वर्षांच्या मुलीला एकटीला डब्यासमोर उभं करून तिच्यावर धर्म सांभाळायची जबाबदारी टाकणं, हे मला मुळीच पटत नाही. तिला खिसा हा एकच मार्ग सुचला. आपल्यातल्या कितीजणांनी हॉस्टेलच्या गणपतीत हेच केलंय, खरं सांगा. घ्यायचा, हळूच मैत्रिणीच्या हातात सरकवायचा. आपण वीस वर्षांचे होऊनही.

आणि नकार म्हणजे अपमान असतोच असं नाही, हे आम्हाला काकूंनीच शिकवलंय. फक्त आमच्या ते लक्षात आलं नव्हतं. नाताळ कधी कधी मार्गशीर्षात येतो. काकू मार्गशीर्षातले गुरुवार करतात, महिनाभर अंडंसुद्धा चालत नाही. आमच्याकडे फराळ बाकी सगळा दिवाळीसारखाच, करंज्या, चकल्या, अनारसे, पण केकमध्ये अंडी असतात. मग आजी आधी काकूंच्या करंज्या तळते, वेगळ्या ताटात काढून झाकून ठेवते आणि मगच अंडी फोडते. कित्येक वर्षं हे चाललंय. काकू केक घेत नाहीत म्हणून आमच्या घरात कधी कुणाचं तोंड फुगलं नाही. त्यांनी पहिल्याच वर्षी आजीला सरळ सांगून टाकलं होतं, एवढंच.

आता थोडं आपल्याबद्दल. घरातल्या लहान मुलांचे सण हे आईवडिलांचं खातं आहे, असं आपण कॉलेजवाले धरून चालतो. आपण फक्त स्टेटस ठेवायचे. पण मला आठवतंय, माझ्या लहानपणी तारा करायचा तो माझा मोठा चुलतभाऊ. बुरडाकडून बांबूच्या कामट्या आणायचा, दोन त्रिकोण बांधायचा, खळ शिजवायचा, पतंगी कागद चिकटवायचा आणि आत बल्ब सोडताना एकदा तरी शॉक खायचा. तो पुण्याला नोकरीला गेला आणि दुसऱ्याच वर्षी आमच्या दारात बाजारातला प्लॅस्टिकचा तारा लागला. चार वर्षांच्या पुतण्याला नाताळ म्हणजे मोबाईलमधला, बर्फात घसरणारा सांता एवढंच माहीत. सावलीत बर्फ! त्याला तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल माहीत आहे, तो दोरी धरून ओढत घरोघर बोजारा मागायलाही जातो (यावर वहिनीने काही आक्षेप घेतला नाही, बैलाला चालतं बहुतेक). पण आपल्या स्वतःच्या सणात हाताने करायचं असं त्याच्याकडे काही उरलं नव्हतं. मुलाला 'हे करू नकोस' एवढंच सांगत राहिलो, तर 'आपण ख्रिस्ती' म्हणजे त्याच्यासाठी मनाई असलेल्या गोष्टींची यादी होईल. वहिनीच्या भीतीवर माझ्याकडे काही उत्तर असेल, तर ते कामट्यांचं आहे.

म्हणून गेल्या डिसेंबरमध्ये, पेपरच्या मधल्या सुट्टीत, मी तारा केला. वाकडाच झाला. एक कोपरा दुसऱ्यापेक्षा चांगला वीतभर लांब. पुतण्याने खळ अर्धी कागदाला आणि अर्धी कुत्र्याला लावली. पुतणीने मात्र प्रत्येक घरासाठी कागदावर नाव लिहून फराळाची ताटं मांडली आणि काकूंच्या ताटावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'अंड नाही'. अनुस्वार विसरली. वहिनीने तो लावला आणि ते ताट घेऊन ती स्वतःच तिच्यासोबत शेजारी गेली. परत यायला तिला पाऊण तास लागला.

काय बोलणं झालं, ते तिने मला सांगितलेलं नाही. यंदा भुलाबाईत खिरापतीचं काय करायचं, तेही आमच्या घरात ठरलेलं नाही. पण परवा काकू विचारत होत्या, पोरीला डबा ओळखायला पाठवाल ना. वहिनी म्हणाली, पाठवते.