दोन भार तांबें

मिरजेच्या बाजारांतून आणलेल्या ताम्हनाचें तांबें किती दगडांतून निघालें असेल, हा विचार आपण सहसा करीत नाहीं. अमेरिकेच्या डॅनिएल जॅकलिंगनें (१८६९–१९५६) जन्मभर तोच केला. तान्हेपणीं पोरका, नातलगांनीं वाढविलेला हा मुलगा १८९२ सालीं धातुविद्येचा पदवीधर झाला. यूटा प्रांतांतील बिंगहॅमच्या डोंगरांत शंभर भार दगडामागें तांबें अवघें दोन भार. जाणत्यांनीं तो कुचकामी ठरविलेला. ह्यानें त्रैराशिक मांडलें : रोज हजारों टन दगड दळला, तर हलकी खाणही परवडते! १९०३ सालीं यूटा कॉपर कंपनी निघाली, १९०६ पासून वाफेचीं फावडीं चालूं लागलीं, आणि हा धातुशास्त्रज्ञ पुढें कंपनीचा सूत्रधार झाला. हिशेब अचूकच म्हणावा लागेल. मात्र त्याच दरींतल्या गांवाची रक्कम त्यांत धरलेली नव्हती. खाण पसरत गेली, आणि १९७१ सालीं बिंगहॅम गांव कागदोपत्रींही संपलें.