नवं गाणं लागलं की उठू नका

गेल्या शनिवारी स्वारगेटजवळच्या एका सभागृहात जुन्या रॉकची मैफल होती. स्टेजवरचे पाचही जण पन्नाशी ओलांडलेले, पुण्यातल्याच कॉलेजांच्या गॅदरिंगमधून वर आलेले. पहिला पाऊण तास झकास गेला. 'स्मोक ऑन द वॉटर' झालं, 'हॉटेल कॅलिफोर्निया' झालं, लोकांनी सभागृह डोक्यावर घेतलं. मग गायकानं माईक जवळ ओढला आणि म्हणाला, "आता आमचं स्वतःचं एक नवं गाणं." एवढं ऐकलं मात्र, माझ्या पुढच्या रांगेतले चौघे उठून चहाला गेले. त्यांच्या शेजारच्या गृहस्थांनी इतका वेळ डोक्यावर धरलेला मोबाइल खाली घेतला, रेकॉर्डिंग थांबवलं आणि मेसेज वाचायला घेतले. गाणं चांगलं होतं. सुरुवातीला नुसती बास गिटार चालते, मग ड्रमर काठ्या बाजूला ठेवून ब्रश उचलतो, आणि गायक जवळजवळ बोलल्यासारखा गाऊ लागतो. पन्नाशीच्या गळ्याला काय शोभतं याचा पुरता विचार त्या गाण्यात दिसत होता. संपल्यावर टाळ्या पडल्या त्या शिष्टाचारापुरत्या, आणि मागून आवाज आला, "जुनं काहीतरी होऊ द्या!"

मला राग आला आणि तो अजून उतरलेला नाही.

इंडस क्रीड या बँडच्या 'इव्हॉल्व्ह' अल्बमवर या स्तंभात लिहिलं होतं तेव्हाही असंच झालं होतं. वाचकांची पत्रं आली, पण बहुतेकांचं म्हणणं एकच: इंडस क्रीडचं नाव काढलंत तर त्यांच्या जुन्या 'प्रीटी चाइल्ड' गाण्यावर लिहा ना! एकाने तर सरळ कळवलं की, 2012 साली या बँडने अल्बम काढला होता हेच त्याला ठाऊक नव्हतं. हा माणूस 'रॉक मशीन'च्या काळापासूनचा चाहता. कॅसेट अजून जपून ठेवलेली. त्याला दोष देत नाही, पण त्याचं पत्र वाचून वाईट वाटलं.

रॉक मशीन म्हणजे 1984 साली मुंबईत उभा राहिलेला बँड. 1988 साली 'रॉक अँड रोल रेनेगेड', 1990 साली 'द सेकंड कमिंग', 1993 साली नाव बदलून इंडस क्रीड, 1995 साली त्याच नावाचा अल्बम, आणि मग फाटाफूट. उदय बेनेगल आणि जयेश गांधी न्यूयॉर्कला गेले, तिथे त्यांनी 'आम्स फॉर शांती' उभं केलं. 2010 साली बेनेगल, गिटारवर महेश तिनईकर आणि कीबोर्डवर झुबिन बालापोरिया पुन्हा एकत्र आले. बाससाठी रुशाद मिस्त्री आणि ड्रम्ससाठी जय रो कवी असे दोन तरुण वादक त्यांनी घेतले आणि दोन वर्षांत 'इव्हॉल्व्ह' तयार केला. त्याचं मिक्सिंग टिम पामर यांनी केलं. पर्ल जॅमच्या 'टेन'चं मिक्सिंग करणारे तेच पामर. म्हणजे हौसेखातर, चार जुने मित्र जमले म्हणून केलेलं हे काम नव्हतं.

आणि ते ऐकलं की कळतं. आठ गाणी, घाई कुठेही नाही. 'रेनेगेड'च्या दिवसांत तिनईकरांची गिटार आपल्याला काय काय येतं ते दाखवायला निघालेली असायची, आणि त्या वयात तेच बरोबर होतं. 'इव्हॉल्व्ह'मध्ये ते एक सूर लावतात आणि त्याला पुरेसा वेळ देतात. 'फायरफ्लाइज'मध्ये आवाजांचे थर एकावर एक चढत जातात, पण बेनेगलचा गळा त्याखाली कधी दबत नाही. चढ्या पट्टीत गर्जना करायची हौस फिटलेली आहे, शब्द नीट पोचवायची हौस आलेली आहे. 'टेक इट हार्डर' पहिल्यांदा ऐकताना साधं वाटतं. तिसऱ्या-चौथ्यांदा ऐकाल तेव्हा तालात केवढी गुंतागुंत दडली आहे ते उलगडतं. माझ्या मते हा त्या बँडचा सर्वांत चांगला अल्बम आहे. 'सर्वांत चांगल्यांपैकी एक' असं मी मुद्दामच लिहीत नाही.

आता मला जी तुलना करायची आहे ती स्वारगेटहून चालत वीसेक मिनिटांवर जाऊन करायची आहे. मुकुंदनगरला. 2018 पासून सवाई गंधर्व महोत्सव तिथे महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर भरतो. शनिवारी चहाला उठून गेलेल्यांपैकी निदान एकाला मी डिसेंबरात तिथे शाल गुंडाळून बसलेलं पाहिलं आहे. तिथे सत्तरीचा गायक आला की हाच माणूस सावरून बसतो, आलापीत आवाज किंचित हलला तरी मान डोलावतो, आणि बाहेर पडताना म्हणतो, "आता खरं गाणं पिकलंय." भीमसेन जोशी 2007 च्या महोत्सवात गायला बसले तेव्हा पंचाऐंशी वर्षांचे होते. जुन्या रेकॉर्डसारखं गा, असं त्यांना कुणी सांगितल्याचं मी ऐकलेलं नाही.

त्याहूनही बोलकं उदाहरण मल्लिकार्जुन मनसूरांचं आहे. 1910 चा जन्म, धारवाडजवळचं मनसूर गाव. मिरजेच्या नीळकंठबुवांकडे ग्वाल्हेरची तालीम झाली, तरुणपणीच एचएमव्हीच्या 78 च्या तबकड्या निघाल्या आणि त्या चालल्यासुद्धा. तीन मिनिटांत बंदिश, तानांची आतषबाजी आणि खेळ खलास. तिथेच थांबायचं ठरवलं असतं तरी त्यांना कुणी नावं ठेवली नसती. पण लोकांना आवडतं ते बाजूला ठेवून ते मंजीखाँकडे गेले, मंजीखाँ गेल्यावर भुर्जीखाँकडे शिकले, जयपूर-अत्रौलीची अवघड वाट धरली आणि अनवट रागांच्या मागे लागले. देशभर त्यांचा बोलबाला झाला तो साठीनंतर. 1970 साली पद्मश्री, 1976 साली पद्मभूषण, आणि 1992 साली, ज्या वर्षी ते गेले त्याच वर्षी, पद्मविभूषण. आज मनसूर म्हटलं की आपल्या कानात घुमतो तो उतारवयातला, किंचित खरखरीत, पण एका श्वासात तीन-तीन वळणं घेणारा आवाज. तरुणपणाच्या त्या तबकड्या आता अभ्यासक आणि संग्राहक ऐकतात. म्हणजे नेमकं उलटं झालं. जिथे त्यांनी सुरुवात केली ते टिपणात गेलं आणि जिथे ते पोचले ते गाणं म्हणून उरलं.

यावर एक उत्तर ठरलेलं असतं, तेवढं आधीच घेऊन टाकतो. रागसंगीतात बंदिश जुनीच असते, विस्तार रोज नवा असतो, त्यामुळे म्हातारपण तिथे सोसतं. रॉकमध्ये गाणं म्हणजे रेकॉर्डिंग, ते एकदाच कायमचं ठरून जातं, म्हणून लोकांना तेच हवं असतं. हे अर्धं खरं आहे. पण मनसूरांच्या तबकड्याही तीन मिनिटांत बांधलेल्या, ठरून गेलेल्या होत्या. तरी त्यांच्या मैफलीत तबकडीतलंच म्हणा म्हणून कुणी अडून बसलं नाही. ऐकणाऱ्यांनी गायकाला पुढे जायची मुभा दिली होती. इंडस क्रीडला ती आपण दिली नाही. तीस वर्षं हातात गिटार घेतलेल्या माणसाकडे आता काहीतरी वेगळं सांगायला असेल, एवढा साधा विश्वास आपण ख्यालगायकावर टाकतो आणि रॉकवाल्यावर टाकत नाही.

याचं मूळ मला संगीत नाटकाच्या 'वन्समोअर'मध्ये दिसतं. जुन्या वाचकांना माझं हे मत पाठ असेल, तरी पुन्हा लिहितो. बालगंधर्वांच्या एकेका पदाला वन्समोअर पडत आणि नाटक पहाटेपर्यंत चाले, याचं आपण आजवर कौतुकच करत आलो. त्या कौतुकातून पुणेरी श्रोत्याला एक हक्क मिळाला: मला आवडलेलं मला हवं तितक्यांदा मिळालं पाहिजे. तो हक्क नाट्यगृहातून ऑर्केस्ट्रात गेला, ऑर्केस्ट्रातून भावगीतांच्या कार्यक्रमांत आणि तिथून गिटारवाल्यांच्या मैफलीत आला. याला कागदोपत्री पुरावा मी देऊ शकणार नाही. पण "जुनं काहीतरी होऊ द्या" हा आवाज मी इतक्या सभागृहांत एकाच सुरात ऐकला आहे की दुसरं कारण मला पटत नाही.

बाकी कारणं आहेतच. नव्वदीच्या सुरुवातीला घरोघरी केबल आली, मोजकीच गाणी दिवसभर फिरत राहिली आणि ती पाठ झाली. 'इव्हॉल्व्ह' आला तोवर कर्वे रस्त्यावरचं अलूरकर म्युझिक हाऊस इतिहासजमा झालं होतं. 2016 साली मुंबईचं ऱ्हिदम हाऊसही बंद झालं. काउंटरमागचा जाणकार "हे घेऊन जा, ऐका" म्हणायचा, तो माणूसच गेला. त्याची जागा घेणाऱ्या ॲपला तुम्ही काल काय ऐकलं तेवढंच कळतं, आणि काल तुम्ही 'प्रीटी चाइल्ड'च ऐकलेलं असतं.

हे आपल्याकडेच होतं असंही नाही. डीप पर्पलचं बघा. गिटारवादक रिची ब्लॅकमोर त्या बँडमध्ये दोन खेपा मिळून साधारण 16 वर्षं होता. स्टीव्ह मोर्स 1994 पासून 2022 पर्यंत, म्हणजे 28 वर्षं. तरी जगभरच्या चाहत्यांच्या तोंडी मोर्स म्हणजे 'ब्लॅकमोरच्या जागी आलेला'. 1972 च्या 'मशीन हेड'पलीकडे न गेलेल्या माणसाने 1996 चा 'पर्पेंडिक्युलर' लावून बघावा. 2013 चा 'नाऊ व्हॉट?!' लावावा. त्याच्या आदल्या वर्षी त्यांचा जुना कीबोर्डवादक जॉन लॉर्ड गेला होता. त्याच्या आठवणीतलं 'अनकॉमन मॅन' आधी बराच वेळ नुसती गिटार आणि कीबोर्ड घेऊन चालतं. शोक कसा वाजवावा हे वयाच्या पंचविशीत कळत नाही, आणि ते गाणं पंचविशीतल्या डीप पर्पलला जमलं नसतं.

इंडियन ओशन या बँडच्या बाबतीतही तेच. 2000 सालच्या त्यांच्या 'कंदिसा' अल्बमवर पुण्याने भरभरून प्रेम केलं. 2009 च्या डिसेंबरात त्यांचे गायक असीम चक्रवर्ती गेले, तरी त्यांचा आवाज असलेला '16/330 खजूर रोड' बँडने पुढच्या वर्षी लोकांना फुकट, दर महिन्याला एक गाणं अशा रीतीने दिला. 2014 साली पाहुण्या कलावंतांना घेऊन 'तंदानू' केला, 2023 साली 'तू है' आणला. फुकट दिलेलंही किती जणांनी ऐकलं?

उशिराचा प्रत्येक अल्बम चांगला असतो असं माझं म्हणणं नाही. कंपनीला शब्द दिला म्हणून, दौऱ्याला निमित्त हवं म्हणून काढलेले अल्बम ढिगाने आहेत, आणि त्यांतले काही याच स्तंभात मी झोडले आहेत. माझी कसोटी साधी आहे: बँडने स्वतःचीच नक्कल केली आहे की नाही. नक्कल असेल तर चहाला खुशाल जा. पण ते ठरवायला आधी गाणं ऐकावं लागतं, आणि त्यासाठी साडेचार मिनिटं खुर्चीत बसावं लागतं.

कार्यक्रमानंतर त्या बँडच्या गिटारवाल्याशी पार्किंगमध्ये बोललो. तो हिरमुसला होता. म्हणाला, पुढच्या वेळी नवं गाणं वगळूनच टाकू. मी त्याला म्हटलं, वगळू नका, जागा बदला. तुम्ही ते दोन लोकप्रिय गाण्यांच्या मधोमध अंग चोरून ठेवलं आणि वर परवानगी मागितल्यासारखी घोषणा केली. त्याऐवजी पडदा वर गेला की पहिलंच ते वाजवा, काही न सांगता. लोक नुकते बसलेले असतात, चहा झालेला असतो, मोबाइल अजून खिशात असतो. त्याने वहीत काहीतरी टिपून घेतलं. त्यांची पुढची मैफल पुढच्या महिन्यात आहे. तुमच्यापैकी जे जातील त्यांनी वेळेवर जावं.