रोज एक पान

तर मंडळी, गुढीपाडव्याला मी पुन्हा एकदा नेम धरला. रोज एक पान गोष्ट लिहायची. ("पुन्हा एकदा" का ते घरच्यांना नीट कळेल. वहिनी तर फोनवर हसल्याच. म्हणाल्या, "भाऊजी, मागच्या पाडव्याची कादंबरी कुठपर्यंत आली?") आज त्या नेमाला शंभर दिवस झाले. त्यातले एक्क्याऐंशी दिवस पान झालं, एकोणीस दिवस नाही झालं. माझ्यासारख्या माणसासाठी हे प्रकरण विक्रमात मोडतं, म्हणून थोडं लिहावंसं वाटलं.

आधीचे दोन प्रयत्न कसे फसले ते सांगतो. पहिल्यांदा मी अमेरिकेतल्या त्या 'नॅनोरायमो'च्या नादी लागलो होतो. 1999 साली काही मित्रांनी सुरू केलेला हा उद्योग पुढे जगभर पसरला. नोव्हेंबरच्या तीस दिवसांत पन्नास हजार शब्दांची कादंबरी, म्हणजे रोजचे साधारण 1667 शब्द! ती संस्था 2025 मध्ये बंद पडली. मी मात्र त्याच्या कितीतरी आधी, नवव्या दिवशीच बंद पडलो. दुसऱ्यांदा ठरवलं की निवांत वेळ मिळेल तेव्हाच लिहायचं, पण मन लावून. तो निवांत वेळ अजून यायचा आहे.

आता माझं मत असं झालंय की "मूड" ही रिकामटेकड्यांची चैन आहे. आमच्या अमरावती-अकोला अपडाऊनवाल्यांपैकी कुणी बडनेऱ्याच्या फलाटावर उभं राहून म्हणत नाही, की आज मूड नाही, उद्या जाऊ ऑफिसला. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या वर गेला तरी जातोच. मग गोष्टीनेच काय पाप केलंय?

अँथनी ट्रॉलप नावाचा इंग्रज कादंबरीकार पोस्टखात्यात नोकरीला होता. पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचा, समोर घड्याळ ठेवायचा आणि दर पाव तासाला अडीचशे शब्द लिहायचा. पहाटे उठवायला ठेवलेल्या नोकराला तो वर्षाला पाच पौंड जास्तीचे द्यायचा! अशाने त्याच्या सत्तेचाळीस कादंबऱ्या झाल्या. मला पाव तासात अडीचशे शब्द होत नाहीत, दिवसात होतात. पण हिशेब करून बघा. रोज अडीचशे, वर्षातले तीनशे दिवस, म्हणजे पंचाहत्तर हजार शब्द. एक बऱ्यापैकी कादंबरी झाली की!

इथे आमचे एक वाचणारे मित्र आडवे येतात. म्हणतात, रोज लिहिलं की भुसाच जास्त निघतो. आणि उदाहरण आमच्याच गावचं देतात, उद्धव शेळक्यांचं. अमरावतीत राहून लेखणीवर संसार चालवणारा हा माणूस. 1960 साली, तिशीच्या आसपास, 'धग' लिहिली. कौतिक आणि तिचे न संपणारे कष्ट, संवाद सगळे वऱ्हाडीत. पुढे पोटासाठी त्यांनी ढिगाने कादंबऱ्या लिहिल्या. आज लोक नाव घेतात ते 'धग'चं.

मित्राचं म्हणणं खोटं नाही. पण मला त्यातून वेगळाच धडा दिसतो. शेळक्यांना लिहिलेलं विकावं लागत होतं. तुमच्याआमच्यावर ती पाळी नाही. आपलं वाईट पान खुशाल दप्तरात राहू शकतं. म्हणजे रोज लिहिण्यात नुकसान काहीच नाही; नुकसान असेल तर ते रोजचं सगळं लोकांपुढे मांडण्यात. माझ्या एक्क्याऐंशी पानांत ठेवण्यासारखी सात-आठ निघतील. बाकीची लिहिली नसती तर ही सात-आठ तरी कुठून आली असती?

शिवाय गोष्ट ही डायरी नव्हे. डायरी चार दिवस राहिली तर पाचव्या दिवशी आठवून भरता येते. गोष्टीतली माणसं मात्र थंड पडतात. माझ्या गोष्टीत एक बाई आहे. 1972 साली राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली, त्यानंतरच्या दिवसांतली. घरधनी आजारी, म्हणून ती स्वतः कापसाची बंडी घेऊन अकोल्याला आली आहे आणि काट्याच्या रांगेत उभी आहे. लग्नाच्या गडबडीत चार दिवस माझं लिहिणं सुटलं. परत बसलो तर बाईच्या हातात काय होतं, ती कुणावर चिडली होती, काही आठवेना. दोन दिवस नुसतं मागचं वाचण्यात गेले. तेव्हापासून नियम केला: एक दिवस चुकला तर माफ, लागोपाठ दोन चुकवायचे नाहीत. आणि हेमिंग्वे सांगायचा तसं, पुढे काय होणार हे माहीत असतानाच थांबायचं. दुसऱ्या दिवशी मूर्तिजापूर यायच्या आत पेन सुरू होतं.

आता खरं कारण सांगतो, जे वहिनींनाही नीट माहीत नाही.

ही बाई मला आत्याने दिली. आत्या अकोल्याला असते, चौऱ्याऐंशीची आहे. तरुणपणी ती आबाजींबरोबर बंडीवर जायची. पंधरा वर्षं मी तिला म्हणत आलोय, आत्या, तुझं सगळं एकदा निवांत लिहून काढतो. ती म्हणायची, "काहून रे बाप्पा, मी गेल्यावर लिव्हशीन का?" मी हसायचो.

पाडव्याच्या आधी तिला भेटायला गेलो तर तिने मला माझ्या वडिलांच्या नावाने हाक मारली. दोनदा. मी दुरुस्त केलं नाही. त्या रात्री परतीच्या गाडीत नेम धरला.

आता सोमवारी आणि गुरुवारी ऑफिस सुटल्यावर तिच्याकडे चक्कर मारतो आणि गोष्टीतला एकच प्रश्न विचारतो. "सांग तुझ्या आठवणी" म्हटलं की ती गप्प होते. पण गोष्टीतल्या बाईचं विचारलं की बोलते. परवा विचारलं, "आत्या, या बाईचा नंबर लागला नाही, रात्र झाली, थंडी आहे. काय करेल ती?" आत्या लगेच म्हणाली, "काय करन? बंडीतच निजन, कापसात. कापसासारखी गरम गोधडी असते काय कुठं?" आणि मग जरा थांबून, "पण सकायी उठून केस झटकन आधी. लोकं हासतात."

हे केस झटकणं मला शंभर वर्षं टेबलाशी बसून सुचलं नसतं. पण रोज लिहीत नसतो तर विचारायलाही सुचलं नसतं, हेही तितकंच खरं. रोजच्या लिहिण्याचा मला कळलेला उपयोग एवढाच: उद्याच्या पानाला काय कमी आहे ते आज समजतं आणि ज्याच्याकडे ते आहे त्याच्याकडे वेळेत जाता येतं.

म्हणून ज्यांच्या मनात एखादी गोष्ट पडून आहे त्यांना माझं सांगणं, आकडा लहान धरा. पान नाही तर अर्धं पान. वाईट लिहा, दडवून ठेवा, पण रोज लिहा. ज्यांच्याकडून गोष्ट ऐकायची ती माणसं आपल्या निवांत वेळेची वाट बघत थांबणार नाहीत.

असो. आजचं पान अजून व्हायचंय. बाई कापसात झोपली आहे, तिला उठवायला हवं.