कोस्टा रिकाचा बेत आखताना

मध्य अमेरिकेच्या चिंचोळ्या भूपट्टीवर, निकाराग्वा आणि पनामा यांच्या मधोमध, कोस्टा रिका हा लहानसा देश वसलेला आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ५१ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या एक-षष्ठांशाइतके. एका बाजूस प्रशांत महासागर, दुसऱ्या बाजूस कॅरिबियन समुद्र, मध्ये ज्वालामुखींची रांग आणि तिच्या उतारांवर दाट अरण्ये. युरोपच्या ठरीव सहलींना कंटाळलेली तरुण मंडळी अलीकडे या देशाचे नाव घेऊ लागली आहेत. घरातील वडीलधाऱ्यांना मात्र दोन प्रश्न पडतात : तेथे खायचे काय, आणि एवढ्या लांब जायचे कशासाठी?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्या देशाच्या इतिहासात सापडते. कोस्टा रिकाने १९४८ मध्ये आपले सैन्य कायमचे विसर्जित केले. सक्तीच्या लष्करभरतीस नकार दिल्याबद्दल ज्यांच्यातील काही तरुणांना अमेरिकेत तुरुंगवास भोगावा लागला, अशी अलाबामातील क्वेकर कुटुंबे सैन्य नसलेली भूमी शोधत १९५१ मध्ये येथील मॉन्तेवेर्दे डोंगरावर येऊन स्थिरावली. त्यांनी दुग्धव्यवसाय उभारला आणि झऱ्यांचे उगम जपण्यासाठी माथ्यावरील अरण्य तोडीविना राखले. त्या अरण्यालगत १९७२ मध्ये अभयारण्य स्थापन झाले. पुढे १९८७ मध्ये स्वीडनमधील एका ग्रामीण शाळेतील मुलांनी पैसे जमवून तेथील अरण्याचा तुकडा विकत घेण्याचा उपक्रम आरंभिला. मुलांच्या नावाचे ते राखीव वन आज २२ हजार हेक्टरांहून अधिक आहे. शिकारीच्या खेळावर देशाने २०१२ मध्ये बंदी घातली. जीवदया ज्या घरात बाळकडूसारखी दिली जाते, तेथील मुलांनी हा देश पाहावा, यात वावगे काही नाही.

आता काळाचा विचार. बेत बहुधा येथेच फसतो. डिसेंबर ते एप्रिल हा तेथील कोरडा ऋतू. मे ते नोव्हेंबर पाऊस. सप्टेंबर-ऑक्टोबरात प्रशांत किनाऱ्यावर पाऊस सर्वाधिक असतो, आणि दिवाळीची सुट्टी नेमकी त्याच सुमारास किंवा त्याच्या लगत येते. कॅरिबियन किनारा मात्र त्याच दोन महिन्यांत तुलनेने कोरडा असतो. तोर्तुगेरो येथे हिरवी समुद्रकासवे जुलै ते ऑक्टोबर या काळात अंडी घालण्यास वाळूवर येतात, पण तो आपला चातुर्मास. पर्युषण सोडून परदेशी जाणे बहुतेक घरांत मान्य होणार नाही. नाताळात हवा उत्तम, परंतु भाडी दुप्पट आणि गर्दी अमाप. सर्व बाजूंनी पाहता शालान्त परीक्षा आटोपल्यानंतरचा एप्रिलचा पूर्वार्धच सोयीचा. त्यातही ईस्टरपूर्वीचा आठवडा टाळावा. त्या दिवसांत सारा देश समुद्रकिनारी लोटतो.

दहा-बारा दिवसांत तीन ठिकाणांपलीकडे जाऊ नये. नकाशावर अंतरे किरकोळ दिसतात, पण घाटरस्त्यांवर तास सरत राहतात. १९६८ च्या उद्रेकाने गावे गाडणारा आणि २०१० पासून शांत झालेला आरेनाल ज्वालामुखी; तेथून तळे ओलांडून मॉन्तेवेर्दे; आणि शेवटी मान्वेल आन्तोनियोचा किनारा, एवढे पुरेसे आहे. मान्वेल आन्तोनियोचे राष्ट्रीय उद्यान मंगळवारी बंद असते, हे आरक्षणापूर्वी ध्यानात ठेवावे. मॉन्तेवेर्देत झाडांच्या शेंड्यांवरून तारेला लटकून घसरत जाण्याचा खेळ प्रसिद्ध आहे. ज्यांना तो नको, त्यांनी त्याच अरण्यातील झुलत्या पुलांवरून चालावे. दृश्य तेच, आणि आजी-आजोबांनाही झेपणारे.

पाकुआरे नदीवरील तराफ्याचा प्रवास ही वेगळी गोष्ट. पाण्याच्या खळाळाची प्रतवारी एक ते सहा अशी करतात. पाकुआरेचे टप्पे तिसऱ्या-चौथ्या प्रतीचे. पोहता न येणाऱ्याने हौसेखातर त्यात उतरू नये. प्रवासविम्याच्या अनेक पॉलिसींत साहसी खेळ वगळलेले असतात. पेढीवरचा माल विम्याविना न हलविणारे गृहस्थ मुलाला मात्र अशा पाण्यात विम्याविना धाडतात, याचे नवल वाटते. पॉलिसीतील बारीक अक्षरे घरीच वाचावीत.

खाण्याचे म्हणाल तर काळे घेवडे आणि भात हा तेथील रोजचा आहार. ‘गायो पिंतो’ या नाश्त्याच्या पदार्थात मात्र कांदा हमखास असतो आणि घेवडे कधी डुकराच्या चरबीत शिजविलेले असतात, म्हणून प्रत्येक ठिकाणी विचारलेच पाहिजे. ‘युका’ नावाने वाढतात ते कंदमूळ. केळी, अननस, पपई, तळलेली राजेळी केळी, मक्याच्या पोळ्या विपुल. स्वयंपाकघर असलेले निवासस्थान घ्यावे, बरोबर खाखरे आणि कोरडा शिधा न्यावा. ताजी फळे व बियाणे नेऊ नयेत. चौविहार पाळणाऱ्यांनी एक गोष्ट जाणून घ्यावी : विषुववृत्त जवळ असल्याने तेथे वर्षभर सूर्य सायंकाळी सहाच्या आगेमागे मावळतो. उपाहारगृहांत मुख्य जेवण त्यानंतर सुरू होते. तेव्हा दुपारच्या भटकंतीतून साडेचारपर्यंत परतण्याची अट मार्गदर्शकाला आधीच सांगावी.

भारतातून थेट विमान नाही. अमेरिकेमार्गे गेल्यास केवळ विमान बदलण्यासाठीही अमेरिकेचा व्हिसा लागतो. तो अनेक वेळा प्रवेशाचा आणि वैध असेल, तर कोस्टा रिकाचा वेगळा व्हिसा सहसा मागत नाहीत. नियम बदलत असतात, म्हणून तिकिटांचे पैसे भरण्यापूर्वी नवी दिल्लीतील वकिलातीकडून खातरजमा करावी. पेढीवर मागे कोण राहणार, हेही त्याच वेळी ठरवून टाकावे. तेथील घड्याळ आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे असते, आणि दुकान उघडण्याच्या वेळी तिकडे रात्र पडलेली असते.