'किंवा'ची पळवाट

आमच्या धंद्यात एक बटण इकडचं तिकडे करायचं झालं तरी आधी पाच-दहा वापरणाऱ्यांच्या हातात ॲप देतात आणि बोट कुठे अडखळतं ते बघतात. मग ज्या सेवेवर माणसाचं जगणं टिकून आहे, तिची आखणी करताना ती वापरणाराच दाराबाहेर का?

मी स्वतः नैराश्यावर उपचार घेतो. माझी ओपीडी आठवड्यातून एकदा, सकाळी. मी रजा टाकतो. रोजंदारीवरच्या बाईची मात्र त्या दिवसाची मजुरी बुडते. ती आली नाही, की तिच्या केसपेपरवर शेरा पडतो : 'उपचार सोडले'. चूक वेळापत्रकाची, नोंद तिच्या नावावर.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम 1996पासून चालू आहे. त्यात कुठल्या वारी, किती वाजता, घरी कोण येणार, नाव मोठ्याने पुकारायचं की नाही, हे ठरवायला एमडी लागत नाही. ते रांगेत बसलेल्याला कळतं. 'पेशंटला काय कळतं?' असं विचारणाऱ्यांनी 2017चा मानसिक आरोग्य सेवा कायदा वाचावा. आपल्यावर कसे उपचार व्हावेत आणि कसे होऊ नयेत, हे आधीच लिहून ठेवण्याचा हक्क त्याने पेशंटला दिलाय.

त्याच कायद्यात एक पळवाटही आहे. राज्य प्राधिकरणावर मानसिक आजार असलेल्या वा होऊन गेलेल्या व्यक्तींचे दोन प्रतिनिधी हवेतच. पण सेवेतल्या त्रुटींच्या तक्रारी ऐकणाऱ्या पुनरावलोकन मंडळावर दोन जागा आहेत त्या आजारी व्यक्ती 'किंवा' काळजीवाहक 'किंवा' संस्थांच्या प्रतिनिधींसाठी. 'किंवा' म्हणजे काय, हे कुठल्याही प्रोग्रामरला विचारा : एक अट पुरी झाली, की झालं. दोन्ही खुर्च्यांवर संस्थेची माणसं बसवा. कायदा खूश, पेशंट गायब.

काळजीवाहकांचे हाल मला कळतात. पण माझी आई माझ्यासाठी जागते, म्हणून ती माझ्या जागी बोलू शकत नाही.

कायदा बदलायला संसद लागेल. मंडळं नेमणं मात्र राज्य प्राधिकरणाच्या हातात आहे. निदान एक खुर्ची पेशंटला द्या. डॉक्टरांसारखंच मानधन आणि प्रवासखर्च द्या. आणि निर्णय व्हायच्या आधी बोलवा. झाल्यावर 'अभिप्राय' भरून घ्यायला नको.

तुमच्या भागातल्या मंडळावर त्या दोन खुर्च्यांत कोण बसलंय, हे माहिती अधिकारात विचारा. अर्जाला दहा रुपये लागतात.