निकेल खाणारे तेल

सांगवीच्या (ता. बारामती) एका शिफ्ट केमिस्टचे पत्र आले आणि पाठोपाठ तशाच तक्रारींची आणखी पत्रे आली. बॅच लांबते, आयोडीन व्हॅल्यू चार-पाचवर अडते, पुन्हा निकेल घालावे लागते. आणि महिनाअखेरीला कॅटॅलिस्टच्या खपाचा जाब हार्डनिंगवाल्यांनाच विचारला जातो.

दोष हार्डनिंगचा नाही, खरेदीचा आहे. टँकर आजही एफएफए, ओलावा आणि रंग पाहून उतरवून घेतात. डीगम्ड सोयातेलाच्या व्यापारी करारात 200 पीपीएम फॉस्फरस चालतो. कन्व्हर्टरला तो एक-दोन पीपीएमच्या वर सोसत नाही. मधली सगळी सफाई रिफायनरीच्या माथी. तिथे वॉशिंग घाईत उरकले की साबण राहतो, ब्लीचिंग अर्थमध्ये काटकसर केली की गम राहतो. दोन्ही निकेलची छिद्रे बुजवतात, फिल्टर प्रेसही तुंबवतात. रेपसीड-मोहरीच्या तेलातल्या गंधकाचे तर कागदावर नावच नसते. रूढ हिशेबाने 1 पीपीएम गंधक तेलाच्या वजनाच्या 0.004 टक्के निकेल निकामी करते. दहा टनांच्या चार्जमध्ये 3 पीपीएम गंधक आले की 1.2 किलो निकेल गेले, म्हणजे 22 टक्क्यांच्या कॅटॅलिस्टचे साडेपाच किलो. टँकरमागे वाचवलेले पैसे असे दुसऱ्या खात्यातून जातात.

नुकसान एवढेच असते तरी सोसले असते. गंधकाने मारलेले निकेल हायड्रोजन नीट धरत नाही, पण सिसचे ट्रान्स करणे थांबवत नाही. 1 जानेवारी 2022 पासून ट्रान्स फॅटची मर्यादा 2 टक्के आहे. म्हणून तर आपण पूर्ण हार्डनिंग आणि इंटरएस्टरिफिकेशनकडे वळलो. आणि अडून बसलेल्या त्या चार-पाच अंकांत मुख्यतः ट्रान्सच असते! इन्स्पेक्टर मात्र सॅम्पल नेतो ते सीलबंद डब्याचे. तीळतेलाच्या बोदूआँ टेस्टवर अडून बसणारे साहेब आपण सगळ्यांनी पाहिलेत. टाकीत उतरलेल्या तेलातले गंधक विचारणारा अजून कोणी भेटलेला नाही.

साहेबांची वाट पाहू नका. करारात फॉस्फरस आणि गंधक लिहून घ्या, जास्त निघाले तर दर कापा. साबणाचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय चार्ज घेऊ नका. आणि मुकाट्याने जादा निकेल ओतून बॅच शीटवर ‘नॉर्मल’ लिहिणाऱ्या केमिस्ट बंधू-भगिनींनो, हे आता पुरे. अडलेल्या बॅचची खरी शीट, कच्च्या तेलाच्या आकड्यांसह, आमच्याकडे पाठवा. कारखान्याचे नाव छापणार नाही. आकडे मात्र छापू.